दारातला जोड

१

चोरीला गेला होता चपलांचा एक जोड. नऊ वर्षं कुणी पायात न घातलेला.

२००७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात एका टीव्हीची पाठ उघडून बसले होते. वडिलांच्या नावाची पाटी अजून वर आहे, ‘लालासाब रेडिओ-टीव्ही रिपेअरिंग’. खाली बसून काम मी करते, शबनूर. टीव्ही दुरुस्तीवर पोट भरेना म्हणून त्या वर्षी मी घराला लावायचे बिनतारी कॅमेरे विकायला घेतले होते. घेतं कोण? सराफ घेत, बंगलेवाले घेत. चपलांसाठी कॅमेरा मागणारं गिऱ्हाईक पहिलंच होतं.

“मला तुझा तो कॅमेरा पायजे,” आक्काताई कांबळे म्हणाल्या. नर्स म्हणून रिटायर झालेल्या, पासष्टीच्या, ताठ बाई. वडिलांच्या ओळखीच्या. “गेल्या रविवारी दारातला जोड गेला. सोमवारी सकाळी परत आला.”

“परत आला? मग चोरी कसली, आक्का?”

त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. दर रविवारी सकाळी सातला त्या घर सोडतात आणि कुरुंदवाडला जातात. तिथं त्यांची बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला न्हाऊमाखू घालायचं, चार दिवस पुरेल असं काही करून ठेवायचं आणि सहाच्या सुमाराला परत यायचं. त्या रविवारी बहिणीला तपासायला मिरजेला नेलं होतं, म्हणून आक्का दुपारीच परतल्या. दाराला कुलूप, नवरा बाहेर, आणि उंबऱ्यापाशी जोड नाही. सोमवारी पहाटे दार उघडलं तर जोड जागेवर.

“तळव्याला लाल माती. आणि तोंडं बाहेर. मी कायम आत तोंड करून ठेवतो, माणूस घरात आल्यागत. ती फिरवलेली.”

“चोर पकडायचा म्हणता?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा लागला.

“चोर कशाचा, पोरी. माझा प्रसेनजीत येतोय. मी नसताना येतोय. मला त्याचं तोंड बघायचं हाय.”

२

प्रसेनजीतची गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होती. अठ्ठ्याण्णव सालची. वडील अण्णासो एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी चार लोकांचे पाय धरून पोराला वर्कशॉपात चिकटवायचं ठरवलं. पोराला सिनेमाचे बोर्ड रंगवायचे होते. शब्दाला शब्द वाढला. पोरगा निघाला तेव्हा अण्णासो म्हणाले, “पायातलंबी माझ्याच पैशाचं हाय. काढ.” बावीस वर्षांच्या पोरानं नवा कोरा जोड उंबऱ्यापाशी काढून ठेवला, घराची किल्ली त्यावर ठेवली आणि भर उन्हात अनवाणी निघून गेला. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही.

आक्काताई दर पौर्णिमेला विहारातून आल्या की त्या जोडाला एरंडेल चोळतात. रात्री आत, दिवसा दारात. गल्लीतली माणसं आधी हळहळली, मग हसली, मग तो जोड दिसेनासा झाला, रोजचा झाला म्हणून.

मी हसणाऱ्यांतली नव्हे. माझा भाऊ कामिल मस्कतला गेला त्याला सात वर्षं झाली. त्याचा फोन येतो. अम्मी फोन ठेवल्यावर पण रिसीव्हर पदरानं पुसत बसते. मला त्या पुसण्याचा राग येतो, आणि राग का येतो ते कळतं म्हणून जास्त येतो.

गुरुवारी मी कॅमेरा घेऊन कसबा बावड्याकडच्या त्यांच्या घरी गेले. अण्णासोंची लूना फाटकातून उलटी आत घेऊन लावलेली होती, पुढचं चाक रस्त्याकडं. पायरीवर त्यांच्या वहाणा, त्याही तशाच. मधे तो जोड, तेलानं काळपट तकतकीत, तोंड घराकडं.

“बिनतारी म्हणालीस आणि ही वायर कसली?” आक्कांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

“चित्र बिनतारी जातं आक्का, करंट न्हाय. बॅटरीवरचा पण मिळतो, पण नऊ व्होल्टची बॅटरी अर्ध्या दिवसात मान टाकते. तुम्हाला दिवसभर पायजे.”

“मग वायरचाच दे. आणि उंच लावू नको. उंचावरनं नुसता भांग दिसतो. मला तोंड बघायचंय.”

गिऱ्हाइकांनी असा विचार केला तर माझे निम्मे हेलपाटे वाचतील. मी कॅमेरा खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधला. वायर खिडकीतून आत घेऊन मीटरच्या पाटीशेजारच्या प्लगला जोडली. चित्र पकडणारा रिसीव्हर आणि व्हीसीआर टीव्हीच्या कपाटात ठेवला. त्या कपाटाला कुलूप होतं, किल्ली आक्कांच्या कमरेला. निघताना त्यांनी बटण दाबायचं, तीन तासांची टेप भरत राहील.

अण्णासो दारात उभे राहून बघत होते. बोलायचे कमीच.

“लाईट गेल्यावर बंद पडतंय का हे?” त्यांनी विचारलं.

“सगळंच बंद पडतं, अण्णा. भारनियमनाला माझ्याकडं औषध न्हाय.”

ते आत गेले. रविवार उजाडला, आणि सोमवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करायच्या आत आक्काताई टेप छातीशी धरून दारात उभ्या होत्या.

३

टेपवर सात वाजता आक्कांची पाठ फाटकातून बाहेर जाताना दिसते. मग नुसती पायरी आणि जोड. एक मांजर येतं, जोडाचा वास घेतं, जातं. बाविसाव्या मिनिटाला चित्र फडफडलं आणि पडदाभर मुंग्या. पुढं टेप संपेपर्यंत मुंग्याच.

“संध्याकाळी आलो तर यंत्र चालू, चित्र लख्ख,” आक्का म्हणाल्या. “जोड दारात. तोंडं बाहेर. तळव्याला माती. तो आलता, शबनूर. आणि त्याचं तोंड दिसायच्या वेळंलाच तुझं यंत्र आंधळं झालं.”

त्यांचा आवाज चढला नाही. विकलेल्या मालावर बोट आलं की मला झोप लागत नाही. मी म्हणाले, “मला आठवडा द्या.”

लाईट गेली असेल, हे पहिलं मनात आलं आणि पहिलंच बाद झालं. लाईट गेली असती तर व्हीसीआरही बंद पडला असता आणि टेप तिथंच थांबली असती. इथं मुंग्या अडीच तास नीट भरल्या गेल्या होत्या. म्हणजे घरात लाईट होती. आंधळा झाला होता तो फक्त कॅमेरा.

मग आठवली आक्कांची शेजारीण, इमामबी. त्यांच्या पोरानं दुबईहून मायक्रोवेव्ह पाठवला होता. ती भट्टी चालू झाली की या कॅमेऱ्यांचं चित्र खराब होतं, हे मला कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं.

“चाची, रविवारी सकाळी सव्वासातला तुम्ही ते मशीन लावलंत का?”

“मी?” इमामबी हसत सुटल्या. “अगं, त्याच्यात मी फक्त पापड भाजतो. आणि रविवारी आम्ही उठतोच नऊला.”

“तरी एकदा चालू करा.”

त्यांनी वाटीभर पाणी आत ठेवून बटण दाबलं. मी पळत जाऊन आक्कांचा टीव्ही बघितला. चित्रावर आडव्या पट्ट्या नाचत होत्या, पण पट्ट्यांच्या मागं पायरी होती, जोडही होता. टेपवरच्या मुंग्यांच्या मागं काहीच नव्हतं. मग मी मीटरच्या पाटीजवळ जाऊन कॅमेऱ्याचा प्लग उपटला.

पडदाभर मुंग्या. अगदी तशाच.

४

प्लग घरात होता. दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक आक्कांच्या कमरेला, दुसरी अण्णासोंच्या खिशात. तिसरी प्रसेनजीतनं जाताना ठेवून दिलेली, आणि ती नऊ वर्षं आक्कांच्या पेटीत होती. मी ती स्वतः हातात घेऊन बघितली.

तरी मला घाई करायची नव्हती. आक्कांच्या माडीवर आकाराम नावाचा औषध कंपनीचा माणूस भाड्यानं राहायचा. त्याचा पाय त्या जोडाएवढाच.

“मी शनिवारी रात्रीच पेठ वडगावला जातो, ताई,” तो म्हणाला. “सोमवारी सकाळी येतो. आणि ती चप्पल? आक्कांनी एकदा मला नुसती ओलांडताना बघितलं तर आठ दिवस बोलल्या न्हाईत.”

जोड फडक्यात घेऊन मी गुंडूमामाकडं गेले. तो जोड शिवणारा कारागीर हाच. असल्या वेणीचा जोड आता कुणी करत नाही म्हणून नमुन्याला मागायला त्यानं आक्कांच्या दारी दोनदा चकरा मारलेल्या. म्हणून संशय त्याच्यावरही होता. त्यानं जोड उलटा केला, मातीवरून नख फिरवलं, मग सुलटा करून डोळ्याजवळ नेला.

“मी न्हेला असता तर परत कशाला दिला असता?” तो म्हणाला. “आणि ज्यानं कुणी न्हेला त्यानं घातला न्हाय.”

“माती लागलीय की तळव्याला.”

“लागलीय. पर टाच बघ, घासलीच न्हाय. तेल चोळलेल्या चामड्यावर दहा पावलं टाकली तरी अंगठ्याचा ठसा उठतोय. हितं काय हाय? काय न्हाय. ह्यो जोड कुणीतरी भुईवर नुसता ठेवलाय. ठेवलाय आणि उचललाय.”

मी तिथंच पायरीवर बसले. चोरायचा, घालायचा नाही, विकायचा नाही, लांब कुठंतरी लाल मातीवर मांडायचा आणि परत आणून ठेवायचा. असलं काम चोर करत नाही. पोटचा पोरगाही कशाला करील?

परतताना इमामबी फाटकाशी भेटल्या. मी सहज विचारलं, अण्णासो रविवारचे काय करतात?

“भाजीला जातात की. पिशवी घेऊन सकाळीच. आता संध्याकाळपर्यंत भाजीच शोधतात का काय, अल्ला जाणे. मी तर त्या पिशवीतनं मेथीची काडी कधी बघितली न्हाय.”

बोलता बोलता माझी नजर फाटकाच्या आत गेली. लूना, चाक रस्त्याकडं. पायरीवर अण्णासोंच्या वहाणा, तोंड रस्त्याकडं. डेपोत गाडी कायम अशीच लावतात, उलटी घेऊन, तोंड फाटकाकडं. निघायच्या वेळेला वळवत बसायला नको. अण्णासोंचं पस्तीस वर्षं तेच काम. त्यांच्या हातून कुठलीही वस्तू दारात दुसऱ्या तऱ्हेनं ठेवलीच जात नसणार. आत तोंड करून ठेवलेला जोड त्यांनी उचलला होता, आणि परत ठेवला होता आपल्या सवयीनं.

मला सगळं कळलं होतं. फक्त ते असं का करतात, तेवढं कळलं नव्हतं.

५

पुढच्या रविवारी साडेसातला मी स्टँडवर होते. अण्णासो पिशवी पोटाशी धरून मलकापूरच्या गाडीत चढले. मी मागच्या सीटवर तोंडाला ओढणी बांधून बसले. पोलिसांना न जुमानणारी मी, पण त्या दिवशी एका म्हाताऱ्याला दिसू नये म्हणून अंग चोरून बसले होते.

मलकापूरच्या स्टँडवर ते रत्नागिरीच्या गाड्या लागतात त्या बाजूला जाऊन कट्ट्यावर बसले. पिशवीतून लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला जोड काढला. खाली लाल मातीवर आपल्या पायांसमोर मांडला. सरळ करून बघितला, पुन्हा थोडा सरळ केला. मग गाडी आली की चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघायचं, गाडी गेली की जोडाकडं बघायचं.

तीन गाड्या गेल्यावर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ते दचकले नाहीत. जरा सरकले तेवढं.

“आक्कानं पाठवलं?”

“न्हाय. कॅमेऱ्यानं.”

त्यांनी वाकून जोड पुन्हा सरळ केला. मग जोडाकडं बघतच बोलायला लागले.

“दोन वर्षं झाली. आमचा ज्ञानू कंडक्टर म्हणाला, तुझ्या पोरागत एक माणूस हितनं रत्नागिरी गाडीत चढला. रविवार हुता. ज्ञानूची नजर अधू, मला म्हाईत हाय. तरी मी आलो. मग पुढच्या रविवारीबी आलो. न्हाय आलो तर त्याच दिवशी तो येऊन जाईल असं वाटतंय.”

“आणि जोड?”

“जोड ह्याच महिन्यात न्ह्याय लागलो. काढ म्हणालतो मी. घाल म्हणायचं तर मलाच म्हणाय पायजे की. दुसऱ्या कुणी म्हणून कसं चालंल?” त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. “घरी यील तवा म्हणीन असं नऊ वर्षं वाट बघितलो. तो कशाला यील? ज्यानं हाकललं त्यानं जाया नको?”

“आक्कांना का न सांगता?”

“तिला एक दुःख हाय, ते रोजचं झालंय. दर रविवारी संध्याकाळी मी रिकामा आलो की नवं द्यायचं का? पर आता तिला वाटतंय, पोरगाच येतोय. लई खुशीत हाय. परवा गुणगुणत हुती.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “यंत्र बिघडलं म्हणून सांग, पोरी. वाटू दे तिला.”

रत्नागिरीची आणखी एक गाडी लागली. अण्णासो उभे राहिले आणि चढणाऱ्यांची तोंडं बघायला लागले. मीही बघत होते, आणि कामिलला शोधत होते हे माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं.

६

यंत्र बिघडलं असं मी सांगू शकले असते. सोमवारी त्यांच्या दारात पोचेपर्यंत तेच ठरवलं होतं. पण आक्का मला आत नेऊन म्हणाल्या, “त्याच्यासाठी चादर नवी आणलीय. एखाद रविवारी थांबला तर?” चादर घडी मोडून मला दाखवली. निळ्या फुलांची होती. ते बघितल्यावर माझ्याच्यानं खोटं बोलवेना. दर रविवारी त्या चादर अंथरणार, आणि दर सोमवारी घडी घालणार. मी मीटरच्या पाटीपासून सुरुवात केली आणि मलकापूरच्या कट्ट्यावर संपवलं.

त्या खाली बसल्या.

“म्हंजे तो आलाच न्हाय.”

“न्हाय, आक्का.”

“एकदाबी?”

“न्हाय.”

रडतील असं वाटलं. शिव्या देतील असं वाटलं, मला किंवा अण्णासोंना. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“चपला नुसत्या पिशवीत न्हेत्यात, का गुंडाळून?”

“गुंडाळून. तुमच्या हिरव्या लुगड्याचं फडकं हाय.”

“माझं फडकं,” त्या म्हणाल्या. “मी सगळं घर शोधलो त्या फडक्यासाठी.” आणि मग मात्र पदर तोंडाला लावला आणि पुष्कळ वेळ काढला नाही.

जाताना मी विचारलं, “कॅमेरा काढून नेऊ का?”

“एक रविवार राहू दे.”

“अण्णांना काही बोलणार?”

“नऊ वर्षं न बोलता काढलीत आम्ही दोघांनी. आता बोलायचं कसं, त्येच शोधतोय.”

७

त्यानंतरच्या रविवारची टेप आक्कांनी आकारामच्या हाती दुकानात पाठवली. चिठ्ठी नव्हती. मी शटर अर्धं ओढून ती लावली.

आवाज नाही, या कॅमेऱ्याला कान नसतात. सकाळचा कोवळा उजेड पायरीवर आलेला. आक्काताई बाहेर येतात. कुरुंदवाडची पिशवी हातात नाही, त्या रविवारी बहिणीकडं भाचीला पाठवलं होतं असं मागाहून कळलं. त्या खाली बसतात आणि जोडाची तोंडं फिरवतात, फाटकाकडं. मग आपल्या चपला आणून त्या जोडाशेजारी मांडतात, त्याही तशाच, रस्त्याकडं तोंड करून. आत जातात. बाहेर येतात तेव्हा हातात डबा असतो, तीन पुडांचा. तो पायरीवर ठेवून त्यावर घडी घातलेलं हिरवं फडकं ठेवतात.

अण्णासो पिशवी घेऊन दारात येतात आणि थबकतात. ते पायरी बघतात, जोड बघतात, डबा बघतात. पुडांवर त्यांची नजर एकेक करून उतरते. मग ते दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसतात आणि त्यांचे खांदे हलायला लागतात. आक्का त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात, थोडा वेळच. गाडीची वेळ झाली असावी. त्या वळून कॅमेऱ्यात बघतात, सरळ माझ्या तोंडाकडं, आणि घरात जातात.

पडदाभर मुंग्या.

त्याच सोमवारी मी कॅमेरा काढायला गेले. फाटकाच्या आत लूना तशीच उभी होती. पायरीवर तीन जोड ओळीनं लावलेले, तिन्हींची तोंडं रस्त्याकडं, तिन्हींच्या तळव्यांना लाल माती. आक्काताई मधल्या जोडाला एरंडेल चोळत होत्या. पौर्णिमेला अजून अवकाश होता.

मी काही विचारलं नव्हतं.

“न्हाय भेटला,” त्या म्हणाल्या. तेलाचा हात कपाळाला लागणार नाही असा त्यांनी मनगटानं घाम पुसला. “बस की, चहा टाकतो. पुढच्या रविवारी बघू.”